थंडीने भाजलेला हात : जव्हार-मोखाड्याची एक फेरी

सुट्टीवर आलेल्या जहाजी माणसाचे घरात दोन-तीन आठवडे लाड होतात, मग तो सगळ्यांच्या पायात येऊ लागतो. माझं तसंच झालं होतं. जानेवारी संपत आला होता. अनघा, माझी बायको, सकाळी शाळेत शिकवायला जायची आणि मी नाशिकच्या घरातले नळ दुरुस्त करत बसायचो, जे गळत नव्हते तेसुद्धा. अशात काशिनाथचा फोन आला. साब, जव्हारला फिरायला या, शिरपामाळ दाखवतो, आमचा पाडा दाखवतो, असं तो म्हणत होता आणि मी हो-हो करत होतो. मग तो म्हणाला, "आणि आमच्या घरी एकदा सांगा, मी खोटं बोलत नाही म्हणून."

फिरायला बोलावणाऱ्याचा तो आवाज नव्हता. मी दुसऱ्याच दिवशी निघालो.

काशिनाथ आणि मी एकाच जहाजावर काम करतो. मी गॅस इंजिनिअर, तो फिटर. आमचं जहाज जरा वेगळं आहे, म्हणून आधी त्याच्याबद्दल सांगतो. नैसर्गिक वायू उणे एकशे साठ अंशांच्या आसपास थंड केला की त्याचा पाण्यासारखा द्रव होतो, आणि तो सहाशेव्या हिश्शाच्या जागेत मावतो. म्हणून तो जहाजातून नेता येतो. आमचं जहाजही वर्षानुवर्षं हीच ने-आण करत होतं. मग मालकांनी ते सिंगापूरच्या गोदीत नेलं, त्यावर मोठमोठे पंप आणि पाइपांची जाळी बसवली, आणि दक्षिण अमेरिकेतल्या एका बंदरात नेऊन धक्क्याला बांधून ठेवलं. आता दुसरी जहाजं आमच्याकडे द्रव घेऊन येतात. आम्ही तो आमच्या टाक्यांत साठवतो, समुद्राच्या पाण्याची ऊब देऊन त्याचा पुन्हा वायू करतो आणि पाइपातून किनाऱ्याकडे सोडतो. जमिनीवर असा कारखाना उभारायला बरीच वर्षं लागतात. हा तरंगता कारखाना म्हणा, कोठार म्हणा. असली जहाजं जगात अजून थोडीच आहेत.

तर नाशिक ते जव्हार. एसटी हाच उत्तम मार्ग. त्र्यंबकपर्यंत रस्ता चांगला आहे, पुढे तोरंगण घाट लागतो आणि बस एकदम शहाणी होते, हळू चालते. ज्यांना वळणांचा त्रास होतो त्यांनी पुढची सीट धरावी आणि निघताना पोटभर खाऊ नये. मी दोन्ही केलं नाही. थंडीत डोंगर पिवळे पडलेले असतात, भात आणि नागली, म्हणजे नाचणी, कापून झालेली, आणि शेतात नुसती खुंटं. पावसाळ्यातले फोटो बघून जाणाऱ्यांची निराशा होईल, पण मला हे उघडं रान आवडलं. डोंगराची हाडं दिसतात.

माझ्या मागे दोन शिक्षक बसले होते. एकाची बदली मोखाड्यातल्या आतल्या कुठल्याशा गावात झाली होती आणि दुसरा त्याला धीर देत होता. तिथे रेंज नाही हे खरं, पण शाळेमागच्या टेकाडावर आंब्याच्या झाडाखाली उभं राहिलं तर घरी बोलता येतं. "तोंड मात्र त्र्यंबककडे ठेवायचं," तो म्हणाला. दोघंही गंभीर होते.

मोखाड्याला बस चांगली अर्धा तास थांबली. स्टँडसमोरच्या हॉटेलात गरम भजी आणि चहा घेतला. मालकाने कुठून आलात, कुठे निघालात विचारलं. जहाजावर असतो म्हटल्यावर तो म्हणाला की इथली माणसं दिवाळी झाली की भिवंडी, वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात, पावसाच्या तोंडाला परततात. तुमचंही तसंच की. मी म्हटलं, हो, तसंच.

जव्हार पठारावर आहे, संस्थानाची जुनी राजधानी. स्टँडवर काशिनाथ उभा होता. जहाजावर त्याला मी नेहमी बॉयलर सूटमध्ये पाहिलेला, इथे इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला होता आणि डावा हात खिशात होता. त्याने उजव्या हाताने माझी बॅग घेतली. वावर गावाकडे जाणाऱ्या जीपमध्ये आम्ही मागे चेपून बसलो. तो रस्ता सांगण्यासारखा नाही. स्वतःची गाडी नेणार असाल तर नेऊ नका, जीपवाल्यांना त्यातला प्रत्येक खड्डा तोंडपाठ आहे. वाटेत त्याने मला घरची हकिगत सांगितली.

त्याच्या हाताचं काय झालं ते मला ठाऊक होतं, कारण तेव्हा मी जवळच होतो. दिवाळीच्या सुमारास एक जहाज आमच्याकडे द्रव उतरवून मोकळं झालं होतं. जोडनळ्या रिकाम्या करून सोडवायचं काम चालू होतं. एका सांध्यात थोडा द्रव अडकून राहिला होता. तो उडाला आणि काशिनाथच्या डाव्या हातमोज्याच्या तोंडातून आत शिरला. त्याने मोजा झटकून फेकला, पण तेवढ्यात करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही मेणबत्तीसारखी पांढरी आणि टणक झाली होती. आम्ही कोमट पाण्यात हात धरला. मग बोटं सुजली, मोठमोठे फोड आले. किनाऱ्यावरच्या डॉक्टरांनी बोटं वाचवली, पण कातडी काळपट, ओढलेली राहिली आणि मूठ नीट मिटेना.

हे सगळं त्याने घरी कळवलंच नाही. फोनवर सगळं ठीक आहे म्हणत राहिला. घरी आल्यावर बायकोने, वनिताने, हात पाहिला. काय झालं विचारल्यावर तो म्हणाला, थंडीने भाजलं.

"आणि तिने काय केलं?" मी विचारलं.

"काही नाही. भाकरी थापत होती, थापत राहिली. तेव्हापासून कामापुरतं बोलते."

पाड्यावर पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. निम्मी घरं बंद, दाराला काटक्या लावलेल्या, माणसं भट्ट्यांवर गेलेली. काशिनाथचं घर कुडाच्या भिंतींचं, पण त्याच्या पगारातून वर नवी कौलं आणि समोर सिमेंटचा ओटा झाला होता. वनिता इथल्या अंगणवाडीची सेविका. जव्हारला बारावीपर्यंत शिकलेली, बोलणं शांत आणि नेमकं. तिने पाणी दिलं, अनघाची चौकशी केली, प्रवास कसा झाला विचारलं. काशिनाथकडे मात्र ती बघत नव्हती.

त्याचे वडील देवजीबाबा शेकोटीशी बसले होते. घरात ही मंडळी आपल्या बोलीत बोलतात, मला त्यातलं निम्मं कळतं, उरलेलं वनिता सांगायची. बाबांना आमच्या जहाजाबद्दल फार प्रश्न होते, आणि मला ते आवडले. जहाज जागचं हलत नाही तर त्याला जहाज का म्हणायचं? मी सांगितलं की इंजिन तयार ठेवलेलं असतं, मोठं वादळ आलं तर दोर सोडून समुद्रात जाता येतं. ते त्यांना पटलं. मग म्हणाले, इतका थंड रस टाकीत राहतो कसा, उन्हाने तापत नाही का? टाकीभोवती हातभर जाडीचं थंडी राखणारं आवरण असतं, तरी थोडा रस उकळतोच, आणि तो वाया न घालवता आम्ही बॉयलरमध्ये जाळतो, असं मी सांगितलं. थंड वस्तू उकळते हे त्यांनी वनिताला पुन्हा एकदा सांगायला लावलं.

नागलीची भाकरी, उडदाचं वरण आणि सुकटीची चटणी असं जेवण झालं. पाहुण्यांसाठी मुद्दाम केलेलं काही नव्हतं आणि म्हणूनच त्याची चव जिभेवर राहिली. जेवण झाल्यावर मी ज्यासाठी आलो होतो ते बोललो. घडलं ते जसंच्या तसं सांगितलं, काही वगळलं नाही. जहाजावर आग लागली नव्हती, स्फोट झाला नव्हता, काशिनाथचा हात थंडीनेच भाजला.

बाबांनी मुलाचा हात शेकोटीच्या उजेडात धरला. ते दर उन्हाळ्यात राब भाजतात, म्हणजे भाताची रोपं करायच्या जागेवर पालापाचोळा, शेण पसरून जाळतात. त्यांच्या पायावर जुने डाग होते. त्यांनी ते डाग आणि मुलाची बोटं शेजारी धरून मला दाखवली.

"यो आगीचाच डाग हाये," ते म्हणाले. रागाने नाही, जणू माझी चूक सुधारत होते.

वनिता म्हणाली, "भाऊ, तुम्ही त्यांचे साहेब. कंपनीने सांगितलं असेल तसं तुम्ही सांगणार. तुमच्यावर राग नाही. पण आग लागली असेल तर मला कळायला पाहिजे. हे पुन्हा तिथेच जायचं म्हणतात."

मी आणखी दोनदा समजावून पाहिलं. रक्त, पेशी, बर्फाचे कण, सगळं. ती ऐकत होती, पण तिला ते पटलं नव्हतं, आणि तिच्या जागी मी असतो तर मलाही पटलं नसतं. शेवटी ती म्हणाली की ऐकून नाही होणार, दाखवता येत असेल तर दाखवा.

सकाळी उठलो ते हाच विचार करत. थंडी चांगलीच होती, शाल हवीच, जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा. चुलीपाशी चहा पिताना मी काशिनाथला विचारलं की इथे बर्फ कुठे मिळेल. तो आधी हसला, मग त्याच्या लक्षात आलं. डहाणूकडून मासळी घेऊन येणाऱ्या बायका जव्हारच्या बाजारात बसतात, त्यांच्या पेटीत बर्फ असतो.

तर दुसरा दिवस जव्हारचा. नशिबाने बाजार भरला होता. जव्हारचा बाजार चुकवू नका. नागली, वरई, उडीद, सुकी मासळी, बांबूच्या टोपल्या, प्लास्टिकच्या बांगड्या, मोबाइलची कव्हरं, सगळं एका रांगेत. वनितासह आम्ही तिघंही गेलो होतो. एका चांगल्या खानावळीत भरपेट राइसप्लेट खाल्ली. मग मासळीवाल्या मावशींकडे गेलो. मासे नको, नुसता बर्फ हवा म्हटल्यावर त्या म्हणाल्या की दारूसाठी असेल तर वास येईल हां. काशिनाथने औषधाला हवा म्हणून सांगितलं. त्यांनी वरचा स्वच्छ तुकडा काढून दिला आणि पैसे घेतले नाहीत.

किराणा दुकानातून खडेमीठ घेतलं. बर्फ पाड्यापर्यंत टिकायला हवा होता. काशिनाथने भातगिरणीतून पोतंभर तूस आणलं, बर्फ प्लास्टिकमध्ये बांधून त्यात मधोमध पुरला. आमच्या टाक्यांचंही हेच तत्त्व, मी वनिताला सांगितलं. ती म्हणाली, एवढं तर कळलं. जीपमध्ये ते पोतं तिनेच मांडीवर धरलं होतं.

अंगणात आम्ही बसलो तेव्हा पाड्यावर उरलेली म्हातारी माणसंही येऊन बसली. मी बर्फ फोडला, पातळ पत्र्याच्या डब्यात भरला, त्यावर मूठमूठ मीठ टाकून लाकडाने ढवळत राहिलो. आधी काहीच होईना. डब्याला नुसतं पाणी सुटलं. एक म्हातारी उठून जायला निघाली. मग बाहेरून पत्रा धुरकट झाला, आणि बघता बघता त्यावर पांढरी साय धरली. कडक ऊन, आणि उन्हात ठेवलेल्या डब्यावर हिम. जायला निघालेली म्हातारी परत बसली.

मी माझं ओलं बोट डब्याला टेकवलं आणि लगेच काढलं, ते किंचित चिकटलं होतं. मी सगळ्यांना सांगितलं की क्षणभरच टेकवा, जास्त वेळ नको. वाचणाऱ्यांनाही तेच सांगतो, घरी हा खेळ करू नका.

वनिता पुढे झाली. तिने अंगठा ओला केला आणि डब्यावर दाबून धरला.

मी म्हटलं, काढा आता. ती काढेना. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि ती पहिल्यांदाच सरळ काशिनाथकडे बघत होती. मी दुसऱ्यांदा म्हटलं. शेवटी काशिनाथने पुढे होऊन तिचं मनगट धरलं आणि अंगठा ओढून काढला. पत्र्याला कातडीचा पापुद्रा राहिला. अंगठ्यावर पांढरा ठिपका, भोवती लाल.

"कसं वाटलं?" त्याने विचारलं.

"भाजलं," ती म्हणाली.

बाबांनी तिचा अंगठा हातात घेतला, उजेडात फिरवून पाहिला, मग काशिनाथची बोटं पाहिली. ते डब्यापाशी गेले आणि स्वतःचं बोट टेकवून झटकन मागे घेतलं. मग आपल्या बोलीत काही म्हणाले आणि म्हातारे हसले. वनिताने मला सांगितलं, म्हणतात, असली आग विझवायला पाणी कुठलं आणायचं. मी म्हटलं, गंमत म्हणजे पाणीच. द्रव उडायची शक्यता असते तिथे जहाजाच्या पोलादावर आम्ही सतत पाणी वाहतं ठेवतो, नाहीतर त्या थंडीने पोलाद काचेसारखं तडकतं. ते ऐकून बाबा हसायचे थांबले. पोलाद तडकतं आणि माणूस तिथे उभा राहतो, एवढंच त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं.

मला वाटलं, झालं काम. काशिनाथलाही वाटलं. तो बोलूही लागला की बघ, मी सांगत होतो ना. वनिताने त्याला थांबवलं. ती मोठ्याने बोलली नाही, पण अंगणात सगळ्यांना ऐकू गेलं.

"थंडीने भाजतं हे खरं. आता मी कुणी विचारलं तर सांगेन. पण दिवाळीला तुमचा हात कापडात होता आणि तुम्ही मला फोनवर विचारत होता, करंज्या केल्यास का. मी सांगत होते, केल्या. हाताचं एक अक्षर काढलं नाहीत. तेही खरंच ना?"

म्हातारी मंडळी एकेक करून उठली. मीही उठलो आणि उगाच पाड्याच्या कडेपर्यंत चालत गेलो. डब्यातला बर्फ मागे वितळत होता. परत आलो तेव्हा ती दोघं ओट्यावर बसली होती, आणि तो बोलत होता. बोटं कापावी लागतील असं डॉक्टर आधी म्हणाले होते, तेव्हा तो किती घाबरला, रात्री झोप कशी येत नव्हती, आणि हे फोनवर सांगितलं असतं तर तू एकटी इथे काय करणार होतीस. यातलं बरंचसं मलाही माहीत नव्हतं. जहाजावर तो हसत असायचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती दोघं मला शिरपामाळावर घेऊन गेली. जव्हारहून जवळच आहे, रिक्षाही जाते. सुरतेच्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराज इथे थांबले होते आणि जव्हारच्या राजाने त्यांच्या टोपात मानाचा शिरपेच खोवला, म्हणून शिरपामाळ, असं इथे कुणीही सांगतं. वर मोकळं माळरान आणि भरपूर वारा. सहलीला आलेल्या शाळेच्या मुली भेळ खात होत्या.

तिथे वनिताने मला विचारलं की तुम्ही परत त्याच जहाजावर जाणार का. मी म्हटलं, हो, उन्हाळ्यात. भीती वाटत नाही का? मी म्हटलं, वाटते. काम नीट केलं तर धोका थोडा असतो, पण नाही असं म्हणता येणार नाही. ती म्हणाली, परवा रात्री असं सरळ सांगितलं असतंत तर बर्फ लागला नसता. मग थोड्या वेळाने म्हणाली, नाही, लागलाच असता.

काशिनाथने जावं की नाही, हे त्यांचं ठरलं नव्हतं. मूठ मिटल्याशिवाय तो वैद्यकीय तपासणीत पास होणार नव्हता, हे एक होतंच. पण ती दोघं एकमेकांशी भांडत होती, रिक्षाचे पैसे कोण देणार यावरून, आणि ते ऐकायला बरं वाटत होतं.

परतीच्या बसमध्ये मला खिडकी मिळाली. घाटात या वेळी काही झालं नाही. संध्याकाळी घरी पोचलो, नागलीचं पीठ आणि वनिताने दिलेलं उडदाचं पुडकं ओट्यावर ठेवलं. अनघाने विचारलं, कशी झाली सहल. एरवी मी मस्त म्हणून मोकळा झालो असतो. त्या दिवशी आम्ही जेवण होऊन बऱ्याच वेळाने ताटं उचलली.

जव्हार-मोखाड्याला जा. धबधबे बघायचे तर पावसाळ्यानंतर लगेच, माणसं भेटायची तर दिवाळीच्या आधी, कारण नंतर पाडे रिकामे होतात. मी पुन्हा जाईन ते मात्र थंडीतच.

काशिनाथ होळीनंतर मुंबईला तपासणीला गेला, वनिता सोबत होती. हाताच्या व्यायामाबद्दल तिने डॉक्टरांना इतके प्रश्न विचारले की त्यांनी तिला नर्स समजलं. महिनाभराने तो पास झाला आणि माझ्याआधीच जहाजावर गेला. परवा वनिताचा फोन आला होता. त्याचा पोचल्याचा फोन आला, म्हणाली. विमानात कान दुखले, स्वयंपाकी बदलला आणि नवा वरणात साखर घालतो, केबिनचा पंखा आवाज करतो, आणि गार वाऱ्यात दोन बोटं ठणकतात, पण काम जमतंय. मी विचारलं, काळजी वाटली का ऐकून.

"वाटली," ती म्हणाली. "पण लग्न झाल्यापासून एवढं त्यांनी एका फोनवर कधी सांगितलं नव्हतं."